घंटा आणि हजेरी

(मंडळाच्या दिग्रस येथील वार्षिक मेळाव्यात दिलेले भाषण)



दरवर्षीच्या मेळाव्यात एक व्याख्यान व्हावे असा आपल्या मंडळाचा परिपाठ आहे. या व्यासपीठावरून आजवर संतवाङ्मय, शेतीसुधारणा, लग्नकार्यांतील अवास्तव खर्च अशा विषयांवर अधिकारी व्यक्तींची भाषणे आपण ऐकली. आमचा अधिकार तो नव्हे. मॅट्रिकपर्यंतचे शिक्षण आणि प्राथमिक शाळेतील आयुष्यभराची नोकरी एवढ्या शिदोरीवर आम्ही आपल्यापुढे उभे आहोत. त्यातून संगणकाच्या पोटातील एका युक्तीवर बोलण्याचा मनोदय आम्ही लेखी कळविला, तेव्हा चिटणीसमहाशयांनी तो कागद दोनदा वाचला असे ऐकतो.

विषय निवडण्यास कारण आहे. आपल्या ज्ञातीतील मुले पूर्वी शेती, दुकान, शाळामास्तरकी आणि फार तर तहसील कचेरी यांपलीकडे जात नसत. आता पुष्कळ घरांतील एखादा मुलगा किंवा मुलगी पुण्यास, नागपुरास अथवा हैदराबादेस संगणकावर काम करते. पण हे काम नेमके काय असते असे विचारले तर आई "कंप्युटरवर बसतो" एवढेच सांगते, आणि वडील तेवढेही सांगत नाहीत. सुतार काय करतो, वकील काय करतो, हे आपण जाणतो. म्हणून त्यांच्या कामाची बरीवाईट पारख आपणांस करता येते. या मुलांच्या कामाची पारख आपण केवळ पगारावरून करतो. हे आम्हांस बरे वाटत नाही. शिवाय आज दुपारच्या सभेत शिष्यवृत्तीचा नियम विचारार्थ येणार आहे. सध्याच्या नियमाप्रमाणे पदवीच्या विद्यार्थ्यास साहाय्य मिळते, पॉलिटेक्निकमध्ये पदविका घेणाऱ्यास मिळत नाही. आमचा कल कोणीकडे आहे हे आम्ही लपवीत नाही. पण आधी एक काम जवळून पाहावे, मग मत द्यावे, एवढी आमची विनंती आहे.

प्रथम काही शब्दांचा परिचय करून घेऊ. संगणकात आकडेमोड करणारा जो मुख्य भाग, त्यास प्रोसेसर म्हणतात. साधा प्रोसेसर एका क्षणी एकच काम करतो. परंतु एका कामातून दुसऱ्यात इतक्या त्वरेने जातो की सर्व कामे एकदमच चालली आहेत असे आपणांस भासते. कोणते काम केव्हा करावे हे ठरविणारी जी मूळ आज्ञावली, ती कर्नल. लिनक्स हे अशाच एका कर्नलचे नाव असून हेलसिंकी येथील लिनस टोर्व्हाल्ड्स नावाच्या विद्यार्थ्याने १९९१ साली त्याचा आरंभ केला. आपल्यापैकी ज्यांच्या खिशात अँड्रॉइडचा फोन आहे, त्यांच्या खिशात हा कर्नल आहे. संगणकाला बाहेरच्या तारेशी जोडणारी जी पट्टी, तिचे नाव नेटवर्क कार्ड. आणि त्या कार्डाची भाषा कर्नलास समजावून देणारा जो दुभाषी, तो ड्रायव्हर. ड्रायव्हर म्हणताच बसगाडी हाकणारा इसम डोळ्यांपुढे येतो, पण हा ड्रायव्हर म्हणजे कोणी एकाने लिहून ठेवलेल्या आज्ञा होत. त्या लिहिणे हेच आपल्या काही मुलांचे काम आहे.

तारेवरून मजकूर पाण्यासारखा अखंड वाहत येत नाही. त्याची लहान लहान पुडकी बांधलेली असतात. त्यांस पॅकेट म्हणतात. एका पुडक्यात सामान्यतः १,५०० बाइटांहून अधिक माल मावत नाही. परगावच्या नातवाचा ३ मेगाबाइटांचा फोटो आपण पाहतो, तेव्हा सुमारे २,००० पुडकी येऊन, उलगडून, क्रमाने लावली गेलेली असतात.

आता प्रश्न असा, की पुडके आले आहे हे प्रोसेसरास कळावे कसे? याला दोन मार्ग आहेत. पहिला घंटेचा. पुडके येताच कार्ड घंटा वाजविते. प्रोसेसर हातातले काम जेथल्या तेथे ठेवून, कोठवर आले होते याची खूण करून, घंटेकडे धाव घेतो, पुडके उचलतो आणि मग पुन्हा आपल्या कामावर येतो. या घंटेस इंटरप्ट म्हणतात. दुसरा मार्ग हजेरीचा. घंटा नाहीच, प्रोसेसर मधून मधून स्वतःच जाऊन कार्डास विचारतो, "काही आले आहे काय?" यास पोलिंग म्हणतात. शाळेतील मुलांनी "गुरुजी, मी आलो" असे एकेकट्याने ओरडावे, ही घंटा. गुरुजींनी पटपुस्तक उघडून नावे घ्यावीत, हे पोलिंग.

घंटा सोयीची खरी. काही आले नसताना प्रोसेसरास फुकट खेटे घालावे लागत नाहीत आणि आलेले पुडके ताबडतोब उचलले जाते. म्हणून प्रारंभीच्या काळात बहुतेक ड्रायव्हर घंटेवरच लिहिले गेले. तारा मंद होत्या तोवर ते निभले.

ज्यांचे केस आमच्यासारखे पिकले आहेत त्यांस एकाधिकार कापूस खरेदीचे दिवस आठवत असतील. ती योजना १९७२ साली सुरू झाली आणि हंगामात खरेदी केंद्रांपुढे बंड्यांच्या रांगा लागू लागल्या. कोणी बंडीखालीच घोंगडी अंथरून रात्र काढी. आता अशी कल्पना करा, की ग्रेडर मेजाशी बसून कापसाची प्रत लिहीत आहे, आणि फाटकावरील चौकीदारास हुकूम आहे की बंडी दिसली की घंटा बडवावी. घंटा झाली की ग्रेडरने लेखणी ठेवावी, वही मिटावी, फाटकाशी जाऊन ती बंडी आवारात घ्यावी आणि परत येऊन वही उघडावी. दिवसाकाठी दहा बंड्या असल्या तर हा कारभार उत्तम चालेल. पण मार्गशीर्ष-पौषात हजार बंड्या आल्या म्हणजे? ग्रेडर वही उघडतो न उघडतो तोच घंटा. फाटकावरून परततो तो वाटेतच घंटा. संध्याकाळी पाहावे तो आवार गच्च भरलेले, ग्रेडर घामाघूम, आणि काट्यावर एकही बंडी चढलेली नाही, एकाही शेतकऱ्याची चुकाऱ्याची पावती फाटलेली नाही. वर आणखी, आवारात जागा उरली नाही म्हणून मेहनतीने आत घेतलेल्या बंड्याच पुन्हा बाहेर काढाव्या लागत आहेत. यात ग्रेडरचा आळस मुळीच नाही. तो दिवसभर क्षणभरही बसलेला नाही.

संगणकाच्या या अवस्थेस लाइव्हलॉक असे नाव आहे. सर्वच एकमेकांसाठी अडून बसले म्हणजे डेडलॉक. येथे कोणीच बसलेले नाही, सर्व धावत आहेत, आणि निपज शून्य. जेफ्री मोगल आणि के. के. रामकृष्णन या दोघांनी १९९६ साली या विषयावर जो निबंध वाचला तो आजही प्रमाण मानतात. यांपैकी रामकृष्णन हे बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये शिकलेले. एका तारेवरून आलेली पुडकी दुसऱ्या तारेवर टाकणारा एक संगणक घेऊन त्यांनी मोजदाद केली. सेकंदास सुमारे ४,७०० पुडकी त्याने पुढे धाडली. येणारी पुडकी त्याहून वाढविली तर पुढे जाणारी वाढण्याऐवजी घटू लागली. मध्ये तपासणीचा एक कार्यक्रम बसविला तेव्हा तर २,००० च्या पुढेच घसरण लागली आणि सुमारे ६,००० वर गेल्यावर पलीकडे एकही पुडके पोहोचेना. त्या काळच्या १० मेगाबिटांच्या तारेवरून लहानात लहान पुडकी सेकंदास १४,८८० येऊ शकत. आज घरोघरच्या यंत्रांत १ गिगाबिटाचे कार्ड असते, त्यावर ती १४,८८,००० च्या घरात जातात. म्हणजे एका पुडक्यास एका सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाहूनही कमी वेळ.

प्रोसेसर अधिक वेगवान घ्यावा हा उपाय कोणालाही सुचेल. पण तारेचा वेगही वाढतच असतो, आणि ग्रेडर कितीही चपळ नेमला तरी त्याला दर बंडीमागे उठविणारी पद्धत तीच राहिली तर गर्दीचा दिवस कधी ना कधी त्याला गाठतोच. पद्धतच बदलावी लागते. नुसती हजेरीही पुरत नाही. रिकाम्या फाटकाशी दर घटकेस खेटे घालणारा ग्रेडर वेळ दवडतो, आणि दोन खेट्यांच्या मध्ये आलेल्या बंडीस उगाच ताटकळावे लागते. म्हणून जाणत्यांनी दोहोंचा संगम केला. पहिली बंडी आली की घंटा वाजू द्यावी. ती ऐकताच ग्रेडरने चौकीदारास सांगावे, "आता घंटा पुरे, दोर बांधून ठेव." मग सवडीने वही घेऊन फाटकाशी जावे, जितक्या बंड्या उभ्या असतील तितक्या एका दमात घ्याव्यात, आणि रांग संपली तरच दोर पुन्हा सोडावा. वर्दळ कमी असता ही पद्धत घंटेसारखी वागते, वर्दळ वाढली की हजेरीसारखी, आणि हा पालट आपोआप होतो. कोणी हुकूम द्यावा लागत नाही.

लिनक्समध्ये ही पद्धत जमाल हादी सलीम, रॉबर्ट ओल्सन आणि अलेक्सी कुझ्नेत्सोव्ह या तिघांनी बसविली व २००१ साली तिच्यावर निबंध वाचला. ओल्सन हे स्वीडनमधील उप्साला येथील विद्यापीठाचे व तेथीलच कृषिविद्यापीठाचे. कृषिविद्यापीठातल्या माणसाने जगातील नेटवर्क कार्डांची गर्दी आवरावी, ही गोष्ट आमच्यासारख्या कापूसपट्ट्यातील माणसास विशेष भावली. नोव्हेंबर २००२ मध्ये निघालेल्या २.४.२० या आवृत्तीपासून ही सोय स्थिर लिनक्समध्ये सर्वांस मिळाली. तिचे नाव नॅपी. त्यातील पहिले अक्षर 'न्यू' म्हणजे नवी या अर्थाचे. वीस वर्षांहून अधिक काळ लोटला तरी ती नवीच म्हणविते. गावातील नवी विहीरही पुष्कळदा आजोबांच्या वेळची असते.

परंतु कर्नलमध्ये सोय झाली म्हणजे प्रत्येक कार्डाचा ड्रायव्हर आपोआप सुधारला असे होत नाही. जुना ड्रायव्हर उघडून त्यात ही पद्धत कोणीतरी हाताने बसवावी लागते. पूर्वी घंटेला ओ देणाऱ्या भागातच पुडके उचलणे, त्याची पावती करणे, ते वरच्या खात्याकडे सोपविणे असे सर्व काम उरकलेले असे. आता तेथे दोनच गोष्टी ठेवायच्या. कार्डाची घंटा बांधायची आणि कर्नलच्या यादीत "या कार्डाकडे जाणे आहे" अशी नोंद करायची. उरलेले सर्व काम पोल नावाच्या नव्या भागात न्यायचे. कर्नल यादीप्रमाणे त्या भागास बोलावितो आणि बोलाविताना एक मर्यादा घालून देतो. तिला बजेट म्हणतात. बहुधा ती ६४ पुडक्यांची असते. ६४ च्या आत रांग संपली, तर काम पुरे झाले असे सांगून घंटा मोकळी करायची. पुरी ६४ घेतली, तर रांग संपली असे समजायचे नाही, घंटा बांधलेलीच ठेवायची आणि ६४ हा आकडा कर्नलास परत सांगायचा. तो क्रमाने पुन्हा येतो. सर्व कार्डे मिळून एका फेरीत ३०० पुडक्यांचा शिरस्ता आहे, तेवढी झाली की बाकीच्या कामांनाही वाव मिळतो. मर्यादा नसती तर एकाच धटिंगण कार्डाने सर्व दिवस खाल्ला असता. धाडून झालेल्या पुडक्यांची आवराआवरही याच पोलमध्ये करतात, मात्र ती बजेटात धरीत नाहीत.

आणि इतके करूनही पूर आला तर? घंटा बांधलेली असल्याने प्रोसेसरास कोणी उठवीत नाही. कार्ड येणारी पुडकी ठराविक खणांच्या एका रांगेत ठेवीत जाते, आणि खण भरले की पुढचे पुडके कार्डच टाकून देते. प्रोसेसरची त्यात एक क्षणही मेहनत जात नाही. टाकून द्यावयाचेच असेल तर त्यावर श्रम होण्यापूर्वी द्यावे, हे मोगल-रामकृष्णन यांच्या निबंधातील एक मर्म. येथे मात्र आमचा बंडीचा दाखला संपतो हे स्पष्ट सांगितले पाहिजे. पुडके हरवले तर धाडणारा संगणक बहुधा त्याची प्रत पुन्हा धाडतो. फाटकावरून परतविलेल्या शेतकऱ्याचे तसे नसते. यंत्राचा न्याय जसाच्या तसा माणसांस लावू नये.

आता एका घरची हकीकत सांगतो. आमच्या भाचीचा मुलगा इथलाच, दिग्रसला शाळा करून यवतमाळास पदविका घेतलेला. त्याच्या शिक्षणासाठी मंडळाकडे अर्ज केला होता, तो नियमात बसला नाही. आईने पाटल्या गहाण ठेवल्या. पुढे तो पुण्यातील एका लहान कारखान्यात लागला. तेथे चौकाचौकांतील कॅमेऱ्यांची चित्रे गोळा करून पुढे धाडणारी एक पेटी बनत होती. आठ कॅमेरे जोडले असता पेटी सुरळीत चाले. सोळा जोडले की कळफलकावर बोट दाबूनही तिच्याकडून ओ मिळेना. गिऱ्हाईकास शब्द सोळांचा दिलेला. मोठा प्रोसेसर घालावा तर दर पेटीमागे खर्च वाढून करारच तोट्यात जाई. तीन आठवड्यांत पेटी चालली नाही तर ते काम आणि त्यावर नेमलेली चार मुले, दोन्ही बंद होणार हे उघड होते. त्या दिवसांत भाची रोज संध्याकाळी आमच्याकडे येई आणि म्हणे, "मामाजी, पोरगं फोनवर बोलतच नाही हो, नुसतं हूं हूं करते."

वरिष्ठांचा कौल मोठ्या प्रोसेसरकडे होता. या मुलाने आधी मोजून पाहिले. कर्नल प्रत्येक घंटेचा हिशेब एका तक्त्यात ठेवीत असतो. तो तक्ता एका सेकंदाच्या अंतराने दोनदा वाचून त्याने वजाबाकी केली, तेव्हा दर सेकंदास दहा हजारांहून अधिक घंटा वाजत असल्याचे आढळले. त्या लहानशा प्रोसेसरचा सर्व काळ फाटकाकडे धावण्यात जात होता. चिपाबरोबर आलेला ड्रायव्हर जुन्या वळणाचा होता, पोल त्यात नव्हताच. याने तो बसविण्याची परवानगी मागितली. दोन दिवसांत पद्धत बसली, सोळा कॅमेरे चालू लागले आणि घंटांचा आकडा काही शेकड्यांवर आला.

पण चौथ्या दिवशी निराळेच दुखणे निघाले. गर्दी असता सर्व ठीक. रात्री एखादाच कॅमेरा चालू असला की त्याचे चित्र मधूनच गोठे आणि काही वेळाने आपोआप सुटे. रोज नव्हे, तासातासाने नव्हे, मनास येईल तेव्हा. असे दुखणे फार वाईट. पोट नेहमी दुखणाऱ्या रोग्याचे निदान होते, वैद्यापुढे बसताच थांबणाऱ्या दुखण्याचे होत नाही. मुलाने नऊ रात्री यापायी काढल्या. शेवटी उलगडा झाला तो असा. कार्डापाशी एक पाटी असते. पुडके आले की तीवर खूण उमटते आणि त्या खुणेमुळे घंटा वाजते. पोलमध्ये हा आधी सर्व खण रिकामे करी, मग पाटी पुसून घंटा मोकळी करी. आता शेवटचा खण पाहून झाल्यावर आणि पाटी पुसण्यापूर्वी, त्या निमिषमात्र फटीत, एखादे पुडके आले तर? त्याची खूण पाटीवर उमटे आणि लगेच पुसली जाई. घंटा वाजत नसे. पुडके खणात पडून राही, पुढचे पुडके येऊन घंटा वाजवीपर्यंत. गर्दीत पुढचे पुडके लगेच येते, म्हणून दिवसा दोष दिसत नसे. या व्यवसायात अशा पुडक्यास कुजते पुडके म्हणतात. नाव बरोबर आहे.

उपाय दोन ओळींचा होता. आधी पाटी पुसावी, मग खण पाहावेत. आणि घंटा मोकळी केल्यावर खणांकडे पुन्हा एकदा नजर टाकावी. तेथे काही सापडले तर घंटा परत बांधून नाव पुन्हा यादीत घालावे.

काम पार पडल्यावर आखाजीला तो घरी आला, तेव्हा आमच्या ओसरीवर खडूने आकृत्या काढून त्याने ही हकीकत सांगितली. आम्ही त्यास म्हटले, "अरे, यात नवल ते काय? हजेरी घेऊन पटपुस्तक मिटले की उशिरा येणारा मुलगा नेमका तेव्हाच दारात येतो. म्हणून मास्तर पुस्तक मिटल्यावर एकदा दाराकडे पाहतोच." तो हसला आणि म्हणाला, "आबाजी, हेच मला नऊ रात्री सापडत नव्हते." ज्यांना हे काम सोपे वाटत असेल त्यांनी त्या फटीची रुंदी ध्यानात घ्यावी. ती सेकंदाच्या लाखाव्या भागाहूनही अरुंद होती, आणि तिच्यामुळे रात्री पहाऱ्यावरच्या शिपायास थिजलेले चित्र दिसत होते.

पुढे मालकांच्या संमतीने त्याने आपली सुधारणा सर्वांच्या पाहणीसाठी धाडली. दोन दिवसांत परदेशातील एका जाणकाराचे उत्तर आले. स्तुती नव्हती, निंदाही नव्हती. कर्नल कधी कधी शून्य बजेट घेऊनही पोलला बोलावितो, त्या वेळी येणारे एकही पुडके उचलू नये, फक्त धाडलेल्यांची आवराआवर करावी. ते तुझ्या लिखाणात सांभाळलेले नाही, एवढेच त्यात होते. मुलाने ते दुरुस्त केले. त्याला त्याची पदवी कोणती, गाव कोणते, ज्ञाती कोणती, हे कोणीही विचारले नाही.

या पद्धतीने सर्वत्र लाभच होतो असे मात्र समजू नये. वर्दळ अगदी थोडी असता दर पुडक्यामागे घंटा बांधणे, यादीत नाव घालणे, घंटा सोडणे, हा खटाटोप जास्तीचा पडतो. जेथे प्रत्येक पुडके क्षणाचाही विलंब न होता हवे, तेथे जाणते लोक निराळी योजना करतात. काही कार्डे स्वतःच थोडे थांबून, चार पुडकी जमवून एकच घंटा वाजवितात. ती युक्तीही नॅपीबरोबर वापरतात. आणि नॅपीही बदलत आली आहे. जानेवारी २००८ च्या २.६.२४ आवृत्तीत एका कार्डाच्या अनेक रांगांना निरनिराळे पोल मिळाले. २०२१ च्या ५.१२ आवृत्तीत पोलचे काम स्वतंत्र धाग्यावर सोपविण्याची सोय झाली.

आम्हांस सर्वांत अप्रूप वाटते ते याचे, की हे सर्व लिखाण उघडे आहे. लिनक्सचा परवानाच असा आहे की ते कोणीही वाचावे, बदलावे, वाटावे. मात्र बदललेले दुसऱ्यास देताना मूळ आज्ञाही द्याव्यात. आपल्या पुण्याचाही यात वाटा आहे. २००७ साली लिनक्समध्ये नेटझेन नावाच्या १० गिगाबिटांच्या कार्डाचा ड्रायव्हर दाखल झाला, त्यावर काम करणाऱ्यांत पुण्याची मंडळी होती. मोठ्या कंपनीतील अभियंता जे वाचतो तेच अक्षरशः दिग्रसच्या मुलास वाचता येते. लागतो तो एक जुना संगणक, थोडे इंग्रजी आणि पुष्कळ चिकाटी. यातील पहिली वस्तू मंडळ देऊ शकते, दुसरीसाठी आम्ही आमच्या परीने शिकवू, तिसरी मुलांनी आणावी.

म्हणून दुपारच्या सभेत आम्ही अशी सूचना मांडणार आहोत, की शिष्यवृत्तीच्या नियमात "पदवी" या शब्दापुढे "किंवा पदविका" एवढे दोन शब्द घालावेत. निधी अपुरा आहे हे खजिनदारांचे म्हणणे आम्ही नाकारीत नाही. तर मग रक्कम विभागावी, दहांस पुरे देण्याऐवजी पंधरांस थोडे कमी द्यावे. यास विरोध करणारे सभासद आहेत. त्यांनी सभेत अवश्य बोलावे, बाहेर चहाच्या टपरीवर बोलू नये.

दुसरी गोष्ट मात्र सभेसाठी थांबलेली नाही. मंडळाच्या वाचनालयात दोन जुने संगणक मिळाले असून त्यांवर लिनक्स घातलेले आहे. त्यांपैकी एकात रियलटेक ८१३९ हे १०० मेगाबिटांचे जुने, स्वस्त कार्ड आहे. त्याच्या ड्रायव्हरचा पाया डोनाल्ड बेकर यांनी घातला, पुढे इतरांनी त्यात पोल बसविला. त्याचे लिखाण कागदावर काढून तेथे ठेवले आहे, आणि जेथे घंटा बांधली जाते व जेथे ती सुटते त्या ओळींखाली आमच्या भाचीच्या मुलाने तांबड्या शाईने रेघा मारल्या आहेत. येत्या रविवारपासून सकाळी ९ ते ११ वाचनालय त्यासाठी उघडे राहील. आठवीच्या पुढील मुले आणि मुली यांनी यावे, येताना वही आणावी.